अकरा कॅन

पाण्यातले क्षार मोजणाऱ्या मीटरवर आकडा आला दोनशे दहा आणि पाणी तपासणारी मुलगी चाटच पडली. गेल्या वेळी ह्याच बोअरला दोन हजार आठशे होता. कुंपणापलीकडे रंगाचा तो बंद कारखाना तसाच, त्याची निळसर माती तशीच, मग पाणी एकदम इतकं गुणी कसं झालं?

"बघ, म्हटलं नव्हतं तुला?" काकू म्हणाल्या. बोअर त्यांची, तिच्या जिवावर चालणारी रोपवाटिकाही त्यांचीच, आणि आजचा नमुना तिसरा. हाही वाईट निघाला की बोअरला सील, हे दोघींनाही पाठ होतं. "भर बाटली आणि हो मोकळी."

"लगेच नाही भरत, काकू. पाइपात साचलेलं आधी काढून टाकायचं. खालचं ताजं वर आलं की मग."

"तो मागचा चष्मेवाला तर आल्या आल्या भरून न्यायचा."

"म्हणून तर त्याला काढला."

काकू उलट्या क्रेटवर बसल्या आणि मांडीवर एक रोप घेऊन त्याची वाळकी पानं खुडायला लागल्या.

पंप सुरू झाला. पहिलं पिंप भरेपर्यंत आकडा शहाण्यासारखा एका जागी. दुसरं अर्धं झालं आणि तो चढायला लागला, सहाशे, चौदाशे, तेवीसशे, मुलगी मीटर झटकून परत बघतेय तरी चढतोच आहे. तिसरं पिंप आणायला ती शेडमागे गेली, तर तिथे विकतच्या पाण्याचे रिकामे कॅन, एकावर एक, नीट रचलेले. झाकणंसुद्धा एका पिशवीत.

ती परत आली. काकू आता हिरवी पानंही खुडत होत्या.

"बोअरमध्ये किती ओतले, काकू?"

"अकरा." मान वर न करता. "काल दुपारभर. कंबर गेली कामातून."

आकडा दोन हजार सातशे साठवर थांबला. मुलीने पंप हळू केला, बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, चिठ्ठी चिकटवली, त्यावर तारीख घातली.

"वीस वर्षं हेच पितोय आम्ही," काकू म्हणाल्या. "काय धाड भरलीये आम्हाला?"

मुलीने बाटली पेटीत ठेवली. दोन तास उन्हात उभी होती, घसा कोरडा पडलेला. "काकू, जरा पाणी देता?"

काकू लगबगीने आत गेल्या आणि रिकामा पेला घेऊन दारात आल्या. "कॅनमधलं सगळं ओतलं गं."

"मग हेच द्या की. बोअरचं."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे पाहिलं. पेला पदराने पुसला, उगाचच.

"थांब जरा," म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या. "शेजारून आणते."