केबिनमधला धूर

ताईची लेक लग्न होऊन सासरी गेली त्या वर्षीची गोष्ट. शेवटचा पाहुणा गेल्याच्या आठव्या दिवशी ताईने सकाळीच भावाला फोन केला, "मी येतेय. कायमची." आणि तासाभरात ती कपड्यांची पिशवी घेऊन त्याच्या गॅरेजात हजर झाली. लेकीचं पार पडेपर्यंत तिने तोंडाला कुलूप लावलं होतं.

भावाला सगळे मिस्त्रीच म्हणत. त्याच्यापुढे दाजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, जुनी पिकअप बॉनेट उघडून उभी होती. काळा धूर सोडते म्हणून दाजींनीच आदल्या दिवशी आणून लावली होती. ताईच्या मागोमाग दाजीही आले आणि एका टायरवर मान खाली घालून बसले.

"काल गाडी इथे टाकली आणि हे घरी आले ते भिंत धरत," ताई म्हणाली. "झोकांड्या काय, उलट्या काय, बोलायला गेले तर जीभ वळत नाही. आणि विचारलं की म्हणे, मी घेत नाही!"

"नाहीच घेत," दाजी पुटपुटले.

"मग काय होतं ते तरी सांगा! आता का मिठाची गुळणी धरलीत?" ती भावाकडे वळली. "यांच्या अंगाला पेट्रोलचा असला भपकारा असतो, की दुसरा वास कळायची सोयच नाही. दारू मी सोसली असती रे. हा खोटेपणा नाही सोसत."

"पिशवी खाली ठेव," मिस्त्री म्हणाला. "आधी हे बघ."

त्याने काढून ठेवलेला एक प्लग तिच्या तळहातावर ठेवला. तव्याच्या बुडासारखा काळा. मग बराच वेळ इंजिन चालू ठेवून त्याने स्कॅनर जोडला. इंजिनाला हात लाववेना इतकं ते तापलेलं, आणि स्कॅनरवरचा आकडा मात्र पहाटेच्या गारठ्याचा.

"हा सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन अजून गार आहे असं सांगतोय. म्हणून गाडी जास्तीचं पेट्रोल ओतत राहते. जेवून उठलेल्याला आत्या पुन्हा पानावर बसवायची ना, तसं."

"आत्याला मध्ये आणू नकोस. याचा यांच्याशी काय संबंध?"

मिस्त्रीने केबिनमधली मॅट उचलली. ड्रायव्हरच्या पायांपाशी अंगठा जाईल एवढं भोक होतं. बोलता बोलता त्याने कडेवरून ग्रीसचं बोट फिरवलं.

"याच्या बरोबर खाली सायलेन्सरच्या पाइपाचा सांधा. न जळलेल्या पेट्रोलचा धूर इथून वर येतो. काचा लावून दिवसभर हे नाकात गेलं, तर साधुसंतही झोकांड्या खातील. दिसायला हुबेहूब दारूच."

ताई मटकन उलट्या बादलीवर बसली. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला झालं. ती एकाच वेळी हसू आणि रडू लागली.

"आणि मी काय काय बोलले यांना! अहो, तुम्हाला तरी कळू नये?"

दाजींनी बाहीने डोळे पुसले. ते मिस्त्रीकडे बघत होते. निर्दोष माणसाचं मन किती दुखावलं असेल, या विचाराने ताईला आणखीच भरून आलं.

मिस्त्रीने नवा सेन्सर बसवला, सांधा आवळला, भोकावर पत्रा ठोकला. दुपारपर्यंत धूर स्वच्छ झाला. किल्ली देताना तो म्हणाला, "दाजी, आता झोकांडी गेली तर बोट दाखवायला गाडी उरली नाही."

"नाही जाणार," दाजी म्हणाले. त्यांनी मिस्त्रीचा हात धरला तो सोडेचनात.

"सोडा आता! पळून नाही जात तो," ताई म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली.

दाजी त्यानंतर एकोणीस वर्षांनी, दारूच्या थेंबालाही पुन्हा न शिवता, दुपारच्या झोपेत वारले. ताई त्यांच्यामागे दोन वर्षांनी गेली. त्या सकाळी तिचा फोन येताच मिस्त्रीने ड्रिल घेऊन ते भोक स्वतः पाडलं होतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.