अडलेलं टपाल

अण्णांच्या पोटात बसवलेल्या यंत्रातल्या लिनक्स प्रणालीवर टपाल अडलं होतं. बाहेरून बटण दाबलं की टपालपेटीत डोसचं पत्र पडायचं आणि त्याच यंत्रातला इन्सुलिनचा पंप ते उघडायचा. सकाळपासून त्याला एकही पत्र मिळालं नव्हतं.

हेमांगीनं वडिलांच्या उशाशी लॅपटॉप उघडला. काल बॅटरी बदलताना पंपाच्या टपालपेटीवर पडलेलं कुलूप तसंच राहिलं होतं. तिनं ते काढलं. पोटातून 'टिक' असा बारीक आवाज आला. डोस गेला.

"पोचलं एकदाचं," आई म्हणाली. "सकाळपासून बटण दाबतेय. जात नाही म्हटल्यावर परत परत दाबलं."

हेमांगीनं झटकन वर पाहिलं. "किती वेळा?"

"कोण मोजतंय गं?"

टिक.

पंप फक्त पत्रांचंच ऐकायचा, तेही आलेल्या क्रमानं; रांग संपेपर्यंत पेटीला परत कुलूपही लागत नसे. मध्ये कुणाला हात घालता येऊ नये, ही सोय रुग्णाच्या सुरक्षेसाठीच केलेली होती. हेमांगीनं घाईघाईनं 'थांब' असं पत्र टाकलं. ते रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभं राहिलं.

टिक. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "साखर आण. डबाच आण."