पांगबाबांच्या पायाची जखम

बोझोउ गावातल्या पांगबाबांचा राग असा, की त्यांनी नुसतं रोखून बघितलं तरी किटलीतला चहा उकळायचा. त्यांच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. तिकडच्या रीतीनं असलं काही रोग्याच्या कानावर घालायचं नसतं, म्हणून डॉक्टरांनी ते फक्त बाबांच्या मुलाला, योंगफाला, सांगितलं.

बाबांना आपलं एकच दुखणं ठाऊक होतं, पायाची न भरणारी जखम. ती दाखवायला ते मुलाला घेऊन मिआओ वैद्यांकडे गेले.

वैद्यांनी नाडी धरली. "या काढ्यानं नव्या रक्तवाहिन्या फुटतात, जखम भरते. पण अंगात कुठे गाठबीठ असली तर तीही पोसली जाईल. आहे का तसलं काही?"

बाबा शेजारीच बसले होते. योंगफानं वैद्यांची ती बढाई हसण्यावारी नेली. "एक राग सोडला तर बाबांच्या अंगात काही नाही, वैद्यबुवा."

"गाढवा!" बाबा खेकसले.

जखम अशी भरली, की चौकातल्या म्हाताऱ्यांच्या कवायतीत बाबा सगळ्यांच्या पुढे नाचू लागले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी योंगफाला बाजूला घेतलं. गाठ दुप्पट झाली होती आणि तिच्याभोवती नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं होतं.

"काय म्हणाले रे?" बाबांनी बाहेर विचारलं.

"सगळं झकास आहे म्हणाले."

"मग! मिआओच्या हाताला गुणच तसा आहे. हा काढा आता जन्मभर सोडायचा नाही. आणि पातळ करू नकोस हं, मला वासावरून कळतं."



घरी येऊन योंगफानं काढ्याचं मडकं शेगडीवर चढवलं.