आवाजाचा टीव्ही

श्रीरामपूरच्या दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. किंमत सारखीच, पण एकाचं चित्र लख्ख, तर दुसऱ्याचा आवाज दणदणीत. मच्छिंद्र घरूनच ठरवून आला होता, आज आपल्या मनाला मुरड घालायची आणि बायकोला खूश करायचं.

"आवाजाचाच द्या," तो ऐटीत म्हणाला. "मला मॅचला चित्राचा बरा हुता. पर सिरीयलच्या टायमाला ही आत भाकरी थापत असती. रोज वरडती, आवाज वाढवा म्हणून. लगीन झाल्यापास्नं एक सिरीयल चुकवली न्हाई तिनं. समद्या ऐकून पाठ हायेत."

"असा नवरा लाखात एक, वहिनी!" दुकानदार म्हणाला.

मनकर्णाने दोन्ही टीव्ही जवळ जाऊन निरखले. मग पदर खोचून म्हणाली, "चित्राचा बांधा."

मच्छिंद्र मनातून हरखला. शेवटी बायकोनं आपलंच मन राखलं!

"फिटिंगला माणूस येईल," दुकानदार म्हणाला. "बाहेरच्या खोलीत कुठल्या भिंतीला लावायचा?"

"बाहेर न्हाई," मनकर्णा म्हणाली. "आत, गॅसच्या म्होरं. मॅच असंल तवा भाकरी हे थापतील."