दुसरं हेडिंग

"शहराचं नाव काढ," इंद्रजित म्हणाला. "शहर लिहिलं की बाकीच्या शहरांतली माणसं बातमी उघडत न्हाईत."

राणीनं शहराचं नाव काढलं.

"आता पोराचंही काढ. सगळं हेडिंगातच सांगितलंस, तर आत काय आमटी वाढणार हायस?"

राणीनं तेही काढलं.

विट्यात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर त्यांच्या बातम्यांच्या वेबसाइटचं ऑफिस होतं. दोन खुर्च्या, दोन कॉम्प्युटर. इंद्रजित मालक, आणि बाकीचं सगळं राणी. बातमी अशी होती: मदुराईला सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, दुकानात गॅसचा स्फोट झाला आणि जयराज नावाचा इकडचा पोरगा गेला. पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, अंत्यविधीची वेळ त्याच्या चुलत्यानंच फोनवर सांगितली होती. लोकांना कळू दे, म्हणाला. तेव्हा राणीनं नाव दोनदा विचारून, नीट लिहून घेतलं होतं. मग तेच वाक्य उलटंपालटं करता करता ते नाव कुणाचं, हे मागं पडलं. आता ते नुसते शब्द होते. कुठला पुढे, कुठला मागे, एवढंच.

दोन मथळे तयार झाले. पहिल्यात मदुराई, जयराज, त्याचं गाव, सगळं होतं. दुसरा असा: 'परराज्यात गलाई दुकानात भीषण स्फोट, विटा भागातील तरुणाचा मृत्यू'. अर्ध्या लोकांच्या मोबाइलवर पहिला गेला, अर्ध्यांच्या दुसरा. ज्यावर जास्त बोटं पडतील तो खरा.

दुसऱ्यानं पहिल्याला पार धुऊन काढलं.

"लय भारी!" इंद्रजितनं टेबलावर थाप मारली. "बघ कशी उघडाय लागल्यात! हेच लाव सगळ्यांना."

राणीनं लावलं. किती जणांनी बातमी उघडली ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ वर चढत राहिली. राणी बघत राहिली. तिला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. या भागात घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्याला बाहेर आहे. रेघ चढणारच होती.

जेवणवेळेला तिचा फोन वाजला. आई.

"राणे, कामात हायस?" सुलाबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"बोल की."

"अमृत फोन उचलंना."

अमृत राणीचा धाकटा भाऊ. सुरतेला गलाईच्या दुकानात होता.

"भट्टीवर असंल गं. भट्टीवर असला की उचलतोय व्हय कवा?"

"तसं न्हवं. तुज्या त्या बातम्यात आलंय. इट्याकडचं पोरगं गेलं म्हनं."

राणी म्हणाली, "आई, ते मदुराईला झालंय. आपला न्हवं. दुसऱ्याचं पोरगं हाय. आत लिवलंय की सगळं. उघडून बघायचं न्हाई व्हय?"



"मगापासनं हातात धरून बसलीया. ताट वाढल्यालं तसंच हाय. उघडायचा धीरच हुईना. उघाडलं आन् त्येचंच नाव निघालं आसतं मंजी?"

फोन ठेवून राणीनं रेघेकडे पाहिलं. ज्यांनी बातमी उघडली, ते सगळे त्या रेघेत होते. नुसता मोबाइल हातात धरून बसलेल्यांची रेघ कुठेच नव्हती.

तिनं मथळा बदलला. मदुराई लिहिलं. जयराज लिहिलं. त्याच्या बापाचं नाव आणि गावाचं नाव लिहिलं. इंद्रजितला न विचारता सगळ्यांना पाठवून दिला.

थोड्याच वेळात रेघ आडवी पडली. इंद्रजित खुर्चीतून अर्धा उठला.

"काय केलंस गं? चांगली पळत हुती की! लोकं गेली कुठं एकदम?"

"जेवाय बसली असतील," राणी म्हणाली.