दुलमाची जीप

नवरा गेल्यापासून तंबूमागे उभी असलेली जुनी रशियन जीप दुलमानं स्वतःच खोलायला घेतली. ते बघून गोबी वाळवंटातल्या त्या माळावरचा तिचा एकुलता शेजारी, विधुर नोरोव, पाने-पक्कड घेऊन रोज मदतीला येऊ लागला. दिवसभर जीपखाली पडून दोघांची थट्टामस्करी चालायची.

आज त्यानं किल्ली फिरवली आणि जीप फुरफुरत सुरू झाली. नोरोवचा चेहरा मात्र उतरला.

"झालं गं तुझं काम. उद्यापासून मी कशाला येतोय?"

दुलमा हसली. "अरे वेड्या, ती गेल्या आठवड्यातच चालू झाली होती. तू येताना दिसलास की मीच एक वायर काढून ठेवायचे."

"मग आज का नाही काढलीस?"

"पाठ धरली रे माझी. आता आत बसून बोलू. चल, चहा टाकते."