एक पाटा जास्तीचा

समजा, तुम्ही एका जीपच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसला आहात. वाकून आत बघा. धनुष्यासारख्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या एकमेकींना चिकटून बांधलेल्या दिसतील. वरची सगळ्यात लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या. यांना पाटे म्हणतात. गाडीत वजन आलं की ते सपाट होतात, वजन उतरलं की पुन्हा वाकतात. पण रोज रोज असं करून लोखंडही थकतं. मग पाटे उठत नाहीत आणि गाडी मागून बसते.

तुमच्या शेजारी दिव्यानी बसली आहे. ती पाचवीत आहे आणि ही जीप तिच्या बापाची, हेमराजची आहे.

सावली या तालुक्याच्या गावापुढे, जंगलातल्या आपल्या गावाहून हेमराज या जीपने सवाऱ्या नेई. उन्हाळ्यात दिव्यानीची आई रंजीता चारोळी काढताना झाडावरून पडली आणि तिचा मणका दुखावला. दर आठवड्याला तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात आणा, आणि वाटेत धक्के बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाठ सांभाळली तर ती पुन्हा चालेल. नाहीतर अंथरूण आहेच. म्हणूनच आज बापलेक सावलीला पत्रू मिस्त्रीकडे आले होते.

पत्रूचा जन्म भात्यापुढे गेलेला. त्याने पाटे सोडवले, हातोडीने एकेक वाजवून पाहिला, आणि दोन बाजूला टाकले. बाकीचे चांगले आहेत, तो म्हणाला. लाल तापवून पुन्हा बाक देतो, तेलात विझवतो, ते दोन बदलतो. गाडी पाळण्यासारखी चालेल.

हेमराजने मान हलवली. त्याला सगळे नवे हवे होते. शिवाय खाली एक जास्तीचा.

पत्रूने हातोडी खाली ठेवली. "हेमराजभाऊ, बायकोले नेऊन राह्यला का मुरूम?"

हेमराज हसला. "तू रस्ता पाह्यला का आमचा?"

दिव्यानीला मात्र हसू आलं नाही. पत्रूने तिला अंगणातल्या दोन गाड्या दाखवल्या. एकीचे पाटे जुने, त्याने बाक दिलेले, दुसरीचे नवे. दोन्हींच्या मागे चढून उड्या मारून पाह्य, म्हणाला. पहिली गाडी तिच्यासोबत डुलली. दुसरी हललीसुद्धा नाही, उलट तिच्याच टाचा झिणझिणल्या.

"नवा पाटा म्हंजे अडेल खोंड," पत्रू तिला समजावत होता. "पाठीवर ओझं आल्याबिगर नमत नाई. तुझी माय तं चिमणीएवढी."

ती बापाकडे धावली. "बाबा, मायसाठी जुनेच नरम करून घे ना."

हेमराज तिच्यापुढे वाकला. "जुना पाटा जंगलात तुटला तं काय करशीन? मायले खांद्यावर घेशीन?"

आईची काळजी आपल्यापेक्षा बाबालाच जास्त आहे, असं वाटून ती ओशाळली.

नवे पाटे बसले. जीप मागून अशी उंच झाली, की गावातल्या पोरांनी तिला टोळ म्हणायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला रंजीता मागे गादीवर निजली आणि चंद्रपूर येईपर्यंत तिने पदराचा बोळा दातांखालून काढला नाही. डॉक्टर हेमराजवर चिडले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, नवं लोखंड आहे, चार दिवसांत नरम पडेल.

दिव्यानी रोज शाळेतून आली की जीपच्या मागे चढून उडी मारून बघे. जीप काही डुलत नव्हती.

पुढच्या खेपेला हेमराजने गादी बरीच उंच केली. खाली जास्तीच्या गोधड्या घातल्या, म्हणाला. पहाटेच सगळं रचून ठेवलं होतं. त्याने रंजीताला उचलून वर निजवलं, दिव्यानीला तिच्या उशाशी बसवलं आणि गाडी काढली.

आणि नवल झालं. त्याच खड्ड्यांतून जीप नावेसारखी गेली. रंजीताचा बोळा हातातच राहिला; नाल्याच्या पुढे तर तिला झोप लागली. दिव्यानी आईच्या सैल पडलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बाबाचंच खरं होतं. आई आता चालेल.

जंगलखात्याच्या तपासणी नाक्यावर आडवा बांबू होता. गार्डाने नेहमीसारखं मागे येऊन, कमरेत वाकून चाकांवर नजर टाकली.

"मागून जराशीक बी बसली नाई," तो बांबूजवळच्या जोडीदाराला म्हणाला. "रिकामीच हाय. पेशंट हाय फक्त."

दिव्यानीला ते ऐकून बरं वाटलं. मग ती विचारात पडली. काल संध्याकाळीच तिने उडी मारून पाहिली होती. पाटे तसेच ताठ होते. एका रात्रीत ते नमले कशाने?

तिने आईच्या पाठीखालून, गादीच्याही खालून हात घातला. तिथे गोधडी नव्हती. ओलसर, खरबरीत फळ्या होत्या, एकीवर एक, हात पुरेल तिथपर्यंत. बोटं तिने नाकाशी नेली. ताज्या चिरलेल्या सागाचा वास जंगलातल्या पोरीला शिकवावा लागत नाही.

पुढे हेमराज आरशातून तिच्याकडेच बघत होता.

गार्डाचं तिच्याकडे लक्ष गेलं. तो जवळ आला, आवाज मऊ करून म्हणाला, "काय झालं वो बाई? मायले लय दुखते का?"

दिव्यानीने आईच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग चादरीची कड खाली ओढून गादीखाली नीट खोचली, आणि बांबू वर जाईपर्यंत मोठमोठ्याने रडत राहिली.